प्रकल्प नोंदी: ई-कॅडहेरिनला धक्का न लावता एमसीएफ-७ पेशी सोडवणं

१० जून २०२४

आजपासून ही वही वेगळी. मुख्य प्रकल्प स्नेल या जनुकं दाबणाऱ्या प्रथिनाचा आहे: डॉक्सिसायक्लिन हे औषध दिलं की स्नेल बनवणाऱ्या एमसीएफ-७, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या, पेशी. स्नेल वाढलं की ई-कॅडहेरिनचं, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं, जनुक दबतं. पेशीच्या पृष्ठभागावरचं ई-कॅडहेरिन किती आणि कधी कमी होतं, ते फ्लो सायटोमीटरवर (चमकणारी अँटिबॉडी लावलेल्या पेशींचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) एकेका पेशीत मोजायचं आहे.

पण अडचण त्याच्या आधीच आहे. लॅबमधल्या जुन्या फ्लो फायली उघडून बघितल्या. त्यांत डॉक्सिसायक्लिन न दिलेल्या साध्या एमसीएफ-७ वरही ई-कॅडहेरिनचं शिखर आयसोटाइपच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या काहीच न ओळखणाऱ्या अँटिबॉडीच्या, जवळजवळ अंगावरच आहे. म्हणजे या पेशींवर ते प्रथिन नाहीच, असं दिसतं. आणि त्याच पेशी कव्हरस्लिपवर वाढवून त्याच अँटिबॉडीनं रंगवल्या, तर दोन पेशींमधली प्रत्येक हद्द लखलखीत उजळते. पेशी एकच, अँटिबॉडी एकच, आणि उत्तरं उलटी. फरक एवढाच, की फ्लोसाठी पेशी ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमनं प्लेटच्या तळापासून सोडवल्या होत्या आणि कव्हरस्लिपवरच्या जागच्या जागी होत्या.

मॅडमशी बोलले. त्यांचं म्हणणं, स्नेलला हात लावण्याआधी हा गुंता सोडव. मलाही तेच वाटतं. ज्या मोजमापात नियंत्रणाची पेशीच रिकामी दिसते, त्यावर पुढचं काही उभं करता येणार नाही.

१२ जून २०२४

पेशी: एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१, दोन्ही मूळ एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशीसंग्रहातून आणलेल्या. दुसरी नकारात्मक नियंत्रण म्हणून. तिच्यात ई-कॅडहेरिनच्या जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) मिथाइल गटांनी बंद झालेला असतो, त्यामुळे ते प्रथिन बनत नाही. एमडीए-एमबी-२३१ साठी पुष्कळ ठिकाणी एल-१५ माध्यम लिहिलेलं असतं. ते कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इनक्युबेटरसाठी आहे. आमच्याकडे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून दोन्ही पेशी डीएमईएम आणि १० टक्के सीरमवर.

ट्रिप्सिनची नेहमीची रीत एकदा नीट लिहून ठेवते, कारण पुढची प्रत्येक तुलना हिच्याशी आहे. टी-२५ फ्लास्क, ७० ते ८० टक्के भरलेला. माध्यम काढायचं. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसनं (फॉस्फेट-बफर केलेल्या सलाइननं) दोनदा धुवायचं. ही धुणी उरकून टाकायची गोष्ट नाही. सीरममध्ये अल्फा-१-अँटिट्रिप्सिन आणि अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन असतं आणि दोन्ही ट्रिप्सिनला अडवतात. तळाशी थोडं माध्यम राहिलं की पेशी सुटत नाहीत, मग माणूस वेळ वाढवत जातो आणि कडेच्या पेशी विनाकारण जास्त वेळ एन्झाइममध्ये पडून राहतात. मग ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए १ मिली, ३७ अंशांवर. दर मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पेशी गोल होऊन कडा चमकायला लागल्या की फ्लास्कला बाजूनं हलकी थाप, आणि सीरमचं माध्यम घालून थांबवायचं. २०० जीवर ५ मिनिटं स्पिन.

एमडीए-एमबी-२३१ झटकन सुटतात. एमसीएफ-७ बेटाबेटांनी वाढतात आणि बेटानंच सुटतात. सुट्या व्हायला जास्त वेळ घेतात. त्यामुळे नेमकी जिच्यावर ई-कॅडहेरिन आहे, तीच पेशी एन्झाइममध्ये जास्त वेळ राहते. हे लक्षात ठेवायला हवं.

ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर साखळी कापतं. पेशीला तळाशी बांधणारं प्रथिन कुठलं आणि मला मोजायचं आहे ते कुठलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ऊतींमधून सुट्या जिवंत पेशी मिळवण्यासाठी पेटन रौस आणि एफ. एस. जोन्स यांनी १९१६ मध्ये ट्रिप्सिन वापरलं, तेव्हा त्यांना पेशी जिवंत हव्या होत्या आणि त्या मिळाल्या. पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये लावायच्या असतील तर आजही याहून सोपी रीत नाही. पृष्ठभाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. मला मात्र तोच पृष्ठभाग त्याच तासाला मोजायचा आहे.

१४ जून २०२४

तीन बाजूंनी एकच प्रश्न विचारला.

पहिली बाजू कव्हरस्लिप: ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड १५ मिनिटं, पडद्याला भोकं पाडणारं ट्रायटन अजिबात नाही, म्हणजे अँटिबॉडी पेशीच्या आत जाणार नाही. अँटिबॉडी एचईसीडी-१, उंदराची आयजीजी-१, ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग ओळखणारी. एमसीएफ-७ च्या हद्दी उजळल्या, एमडीए-एमबी-२३१ काळ्या.

दुसरी बाजू वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखणं: पेशी न सोडवता प्लेटवरच पेशी फोडणारा थंड रिपा बफर टाकून खरवडल्या. साधारण १२० किलोडाल्टनला भक्कम पट्टा. शेजारच्या खाचेत ट्रिप्सिन-ईडीटीएनं सोडवून मग फोडलेल्या पेशी, आणि तिथे तो पट्टा जेमतेम दिसतो.

तिसरी बाजू फ्लो: ट्रिप्सिन-ईडीटीएनं सोडवलेल्या एमसीएफ-७ चं शिखर एमडीए-एमबी-२३१ च्या शिखरावर चढलेलं. फाटलेल्या पडद्यातून आत शिरणाऱ्या ७-एएडी या रंगानं मेलेल्या पेशी वगळल्या होत्या, जोड-पेशी एफएससीच्या (पेशीनं पुढे विखुरलेल्या प्रकाशाच्या) क्षेत्रफळ आणि उंचीच्या आलेखावर वगळल्या होत्या. ट्रायपॅन ब्लूलाही पेशी उत्तम होत्या.

म्हणजे पेशी जिवंत, सुटी, गोल, देखणी, आणि मोजायचं प्रथिन गायब. ट्रायपॅन ब्लू फक्त पडदा फुटलाय का ते सांगतो, पडद्याबाहेर काय उरलंय ते सांगत नाही. ट्रायपॅन ब्लू चांगला आला म्हणून सोडवण्याची रीत चांगली, हा निष्कर्ष आपल्याकडे फार सहज काढला जातो.

१८ जून २०२४

आजचा दिवस वाचनात गेला, आणि सार्थकी लागला.

मासातोशी ताकेइची क्योतोमध्ये पेशींच्या चिकटण्यावर काम करत होते. तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए नसायचं. सोडवलेल्या पेशी द्रवात फिरवल्या की पटापट एकमेकींना धरून गोळे करायच्या. पुढे ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. तिथे तोच प्रयोग केला, तर पेशी एकमेकींना धरेनात. शोधता शोधता फरक सापडला तो ट्रिप्सिनच्या बाटलीत: तिथल्या द्रावणात ईडीटीए होतं. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं. कॅल्शियम असताना ट्रिप्सिन दिलं तर पेशींना एकत्र धरणारी गोष्ट शाबूत राहते. कॅल्शियम काढून दिलं तर ती कापली जाते. चिनी हॅमस्टरच्या व्ही-७९ पेशींवरचं हे काम १९७७ मध्ये छापून आलं. कॅडहेरिन हे नाव त्या प्रथिनांना १९८४ मध्ये मिळालं.

आता त्याचं कारणही माहीत आहे. ई-कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागात पाच घटक एकामागोमाग असतात. दर दोन घटकांमधल्या सांध्यात तीन कॅल्शियम आयन बसतात. ते असले की सगळी दांडी ताठ राहते आणि एन्झाइमला कापायची जागा सापडत नाही. कॅल्शियम गेलं की सांधे ढिले पडतात आणि दांडी कापायला मोकळी होते.

माझ्या फ्रीजमधल्या बाटलीवर ‘०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए’ लिहिलेलं आहे. कॅडहेरिन कापायचंच असेल तर याहून नेमकं मिश्रण मागूनही मिळणार नाही. ताकेइचींना जो फरक अडचण म्हणून भेटला आणि ज्यातून त्यांनी प्रथिनांचं अख्खं कुळ शोधून काढलं, त्याच फरकावर आपल्या फ्लोच्या फायली अडल्यात. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या कामाचा इतका थेट उपयोग माझ्या बाकावर होईल असं वाटलं नव्हतं.

२१ जून २०२४

एन्झाइम नकोच, असा पहिला प्रयत्न. पीबीएसमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए, ३७ अंश. कापणारं कोणी नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतलं की कॅडहेरिनची एकमेकांवरची आणि इंटिग्रिनची तळावरची पकड ढिली व्हावी, एवढीच अपेक्षा.

एमडीए-एमबी-२३१ आल्या. एमसीएफ-७ पंधरा मिनिटांनंतरही निम्म्या तळाशीच. वीस मिनिटांनंतर पिपेटनं धार मारून सोडवाव्या लागल्या. आल्या त्या पुंजक्यांनी, आणि ४० मायक्रॉनच्या गाळणीतून निम्मं पीक गाळणीवरच राहिलं. मेलेल्या पेशीही ट्रिप्सिनपेक्षा जास्त.

पण फ्लोवर शिखर उजवीकडे सरकलं, एमडीए-एमबी-२३१ पासून स्वच्छ वेगळं. कव्हरस्लिप खरं बोलत होती.

याच रीतीवर थांबावं असं ज्युनिअरचं मत. मला पटत नाही. गाळणीवर राहिले ते पुंजके कुठल्या पेशींचे? ज्या एकमेकींना सर्वांत घट्ट धरून आहेत त्यांचे, म्हणजे बहुधा ज्यांच्यावर ई-कॅडहेरिन सर्वांत जास्त आहे त्यांचे. मग जे मोजलं ते उरलेल्यांचं. प्रथिन वाचलं, पण नमुना एका बाजूला झुकला.

२५ जून २०२४

स्क्रेपर. थोडक्यात लिहिते, कारण फ्लोसाठी याचा उपयोग नाही. रबरी पात्यानं थंड पीबीएसमध्ये खरवडल्या. पडदे फाटतात, ७-एएडी घेणाऱ्या पेशी खूप. फुटलेल्या पेशींचा डीएनए बाहेर येऊन द्रवात चिकट तार सुटते आणि चांगल्या पेशीही तिच्यात अडकतात. डीएनेज-१ घातलं तर तार तुटते, पण डीएनेजला मॅग्नेशियम लागतं, त्यामुळे बफरमध्ये ईडीटीए असेल तर ते घालून न घातल्यासारखंच. ब्लॉटसाठी आणि आरएनएसाठी खरवडणं ठीक, तिथे पेशी फोडायचीच असते.

२७ जून २०२४

ॲक्युटेज, पेशी सोडवायचं तयार एन्झाइम-मिश्रण. शेजारच्या लॅबनं एक नळी दिली. पेशी सुंदर सुटतात, जवळजवळ सगळ्या एकेकट्या, आणि सीरम घालून थांबवायचीही गरज पडत नाही. ३७ अंशांवर ते आपोआप मंदावत जातं. मूलपेशींवर काम करणारे यावर का विसंबतात ते कळलं.

तरी ई-कॅडहेरिन मोजायला ते घेणार नाही. सोबतचा माहितीचा कागद वाचला: प्रथिनं कापणारी एन्झाइमं, आणि सोबत ०.५ मिलिमोलर ईडीटीए. एन्झाइम हळुवार असेल, पण कापणारं एन्झाइम आणि कॅल्शियमचा अभाव ही जोडी तीच, जिला मी पळवून लावायला बघतेय. शिवाय ‘हळुवार’ हे विशेषण पेशीच्या जगण्याबद्दल आहे, प्रत्येक प्रथिनाबद्दल नाही. मॅक्रोफेजवरचा फास रिसेप्टर आणि त्याचा लिगँड ॲक्युटेजनं कमी होतो, हे छापून आलेलं आहे. मॅक्रोफेजवाल्यांनी ते जरूर बघावं.

१ जुलै २०२४

पालख्या पुण्यात मुक्कामाला. रस्ते बंद असल्यानं फ्लोची वेळ पुढे ढकलली. पेशींना माध्यम देऊन आले, बाकी वेळ विचारात.

एक कल्पना अशी, की पेशी प्लेटवर असतानाच बर्फावर अँटिबॉडी लावावी आणि मग सोडवावं. दोन अडचणी. ई-कॅडहेरिन पेशीच्या बाजूच्या भिंतींवर, दोन पेशींच्या फटीत असतं, आणि जिवंत घट्ट थरात अँटिबॉडी तिथे खोलवर सगळीकडे सारखी पोचत नाही. आणि नंतर ट्रिप्सिन-ईडीटीए दिलं तर ते प्रथिनासकट लागलेली अँटिबॉडीही कापून नेणार. सोडून दिली.

दुसरी कल्पना ताकेइचींचीच, आणि ती उद्यापासून करायची: एन्झाइम असेल तेव्हा कॅल्शियम असलं पाहिजे, आणि कॅल्शियम जाईल तेव्हा एन्झाइम गेलेलं असलं पाहिजे. दोन्ही गोष्टी लागतात, फक्त एका वेळी नाही.

४ जुलै २०२४

द्रावणं. पीबीएस नको, फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळून गढूळ होण्याची भीती. हेपीस-बफर केलेलं सलाइन, पीएच ७.४, त्यात २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. ट्रिप्सिन स्फटिकरूप, ईडीटीए नसलेलं, ०.०१ टक्के, ताजं विरघळवलेलं. कॅल्शियमचा इथे आणखी एक फायदा: ते ट्रिप्सिनलाही स्वतःला खाऊन टाकण्यापासून वाचवतं. थांबवायला सोयाबीन ट्रिप्सिन इन्हिबिटर. सीरम नको, कारण त्यात काय काय येतं ते दर लॉटला बदलतं.

धुणीही कॅल्शियमवाल्या सलाइननंच. सवयीनं हात पीबीएसच्या बाटलीकडे जातो, म्हणून ती हूडमधून बाहेर ठेवली.

३७ अंश, १५ मिनिटं. पेशी तळापासून सुटल्या, पण चादरीसारख्या, अख्खी बेटं एकमेकींना धरून. बघून ज्युनिअरचा चेहरा पडला. मला मात्र आनंद झाला. तळाची पकड कापली गेली आणि आपापसांतली शाबूत राहिली, म्हणजे कॅडहेरिन जागेवर आहे.

मग इन्हिबिटर, स्पिन, पेलेट (तळाशी बसलेल्या पेशी) पुन्हा इन्हिबिटर असलेल्या सलाइनमध्ये, पुन्हा स्पिन. आता एन्झाइम गेलं. त्यानंतर कॅल्शियम नसलेलं हेपीस सलाइन, १ मिलिमोलर ईडीटीए, बर्फावर ५ मिनिटं, आणि १ मिलीच्या पिपेटनं बुडबुडे न करता सावकाश वर-खाली. बेटं सुटली. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक एकेकट्या, काही जोड्या. गाळणीवर जवळजवळ काही राहिलं नाही.

रंगवण्याच्या बफरमध्ये कॅल्शियम परत घालायचं की नाही यावर मॅडमशी चर्चा. घातलं तर पेशी पुन्हा एकमेकींना धरतील, नाही घातलं तर कॅडहेरिन ढिलं राहील. ठरलं ते असं: १ मिलिमोलर कॅल्शियम, १ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन), सगळं बर्फावर. थंडीत पेशी गोळे करायला फार मंद असतात. यंत्रावर चढवण्याच्या आधी पुन्हा एकदा गाळणी.

९ जुलै २०२४

फ्लो. चार नळ्या एमसीएफ-७ च्या: ट्रिप्सिन-ईडीटीए, फक्त ईडीटीए, कॅल्शियमसह ट्रिप्सिन, आणि कॅल्शियमसह ट्रिप्सिनवाली पण आयसोटाइप लावलेली. शेजारी एमडीए-एमबी-२३१ तीनही रीतींनी.

ट्रिप्सिन-ईडीटीए पुन्हा नकारात्मक नियंत्रणावर. फक्त ईडीटीए उजवीकडे, पण रुंद आणि डाव्या बाजूला शेपूट असलेलं. कॅल्शियमसह ट्रिप्सिन त्याच्याही थोडं उजवीकडे आणि अरुंद. २१ जूनची शंका, की पुंजक्यांत अडकल्या त्याच भरलेल्या पेशी, या चित्राशी जुळते. एमडीए-एमबी-२३१ तिन्ही रीतींत डावीकडेच, म्हणजे नवी रीत खोटा प्रकाश निर्माण करत नाही. हे नियंत्रण नसतं तर मी इतक्या विश्वासानं लिहिलं नसतं.

हे फक्त ई-कॅडहेरिनपुरतं. कॅल्शियमनं वाचणं हा कॅडहेरिनचा गुण आहे. पृष्ठभागावरचं दुसरं एखादं प्रथिन या रीतीत कापलं जाऊ शकतं. सीडी-४४ मोजायचं ठरलं तर त्याची तपासणी वेगळी, पुन्हा पहिल्यापासून.

११ जुलै २०२४

शेजारच्या बाकावरून प्रश्न आला: ॲनेक्सिन-व्हीसाठी (मरणाऱ्या पेशी ओळखणाऱ्या प्रथिनासाठी) पेशी कशा सोडवू? ॲनेक्सिन-व्हीला फॉस्फॅटिडिलसेरिनवर, म्हणजे मरणाऱ्या पेशीच्या पडद्यावर बाहेर येणाऱ्या मेदावर, बसायला कॅल्शियम लागतं, बंधन-बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड त्यासाठीच असतं. पेलेटमध्ये ईडीटीए राहिलं तर ते कॅल्शियम खाणार, म्हणून धुणी नीट. स्क्रेपर नको, फाटलेल्या पडद्यातून ॲनेक्सिन आत शिरून खोटं उत्तर देतं. आणि सर्वांत मोठं: सोडवण्याआधी काढलेलं माध्यम फेकू नका. मरणाऱ्या पेशी आधीच सुटून त्यातच तरंगत असतात. ते आणि पहिली धुणी त्याच नळीत गोळा करायची. विचारणारीला ॲक्युटेजची उरलेली नळी दिली.

१६ जुलै २०२४

मॅडमनी विचारलं, साध्या ट्रिप्सिननं सोडवून पेशींना काही तास माध्यमात ठेवलं, तर प्रथिन परत येणार नाही का? येईल, पण ते नव्यानं बनलेलं असेल. माझा प्रश्नच मुळी ते बनणं किती दबलं असा आहे. वाट बघितली तर स्नेलच्या पेशी आणि साध्या पेशी वेगवेगळ्या वेगानं भरतील, आणि मी पृष्ठभागावर काय होतं याऐवजी काय परत आलं ते मोजेन.

एन्झाइम अजिबात नको असेल तर आणखी एक वाट आहे. तेरुओ ओकानो यांच्या तोक्योतल्या गटानं पॉलि-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइडचा थर दिलेल्या प्लेट केल्या. ३७ अंशांवर तो थर पाण्याला दूर ठेवतो आणि पेशी चिकटतात; ३२ अंशांखाली तो पाणी धरतो आणि पेशींची अख्खी चादर आपोआप उचलली जाते, पेशींमधले सांधे आणि खालची जाळी यांच्यासकट. पेशी सुट्या करण्याचं काम त्यानंतरही उरतंच, आणि प्लेट महाग. आमच्या नमुन्यांच्या संख्येला परवडणार नाही, पण चादर म्हणूनच अभ्यासायची असेल तर मी तीच मागेन.

१९ जुलै २०२४

रीत पक्की. हूडच्या काचेवर चिकटवली: कॅल्शियमवाली धुणी, ०.०१ टक्के ट्रिप्सिन २ मिलिमोलर कॅल्शियमसह, १५ मिनिटं, सोयाबीन इन्हिबिटर, दोन स्पिन, मग कॅल्शियम काढून सुट्या करणं, मग कॅल्शियमवाल्या थंड बफरमध्ये अँटिबॉडी. प्रत्येक बॅचमध्ये एमडीए-एमबी-२३१ आणि एक ट्रिप्सिन-ईडीटीएची नळी ठेवायची. दुसरी यासाठी, की कापलेलं प्रथिन कसं दिसतं ते दर वेळी शेजारी असावं.

स्नेलच्या पेशींसाठी एक नियम आधीच लिहून ठेवते. डॉक्सिसायक्लिन दिलेल्या पेशी एकमेकींना कमी धरतील, म्हणून लवकर सुटतील. सुटल्या की काढाव्या असा मोह होईल. तसं केलं तर साध्या पेशी जास्त वेळ एन्झाइममध्ये राहतील आणि दोघींमधला फरक खराही असेल आणि घड्याळाचाही. म्हणून दोन्ही फ्लास्क पूर्ण १५ मिनिटं, सुटल्या असोत वा नसोत, आणि इन्हिबिटर दोन्हीत एकाच वेळी.

जुन्या फ्लो फायलींच्या फोल्डरमध्ये टीप घातली: पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएनं सोडवलेल्या, ई-कॅडहेरिनचे आकडे वापरू नयेत. डॉक्सिसायक्लिनचे फ्लास्क सोमवारी लावायचे. सोयाबीन इन्हिबिटर संपत आलं आहे, मागणी आजच दिली.